फेसाळ कप आणि माझे उपवास

आयर्लंडातल्या आमच्या एनिसला नावं ठेवायची तर आधी इथलं व्हावं लागतं. मी झाले आहे. आठ वर्षं मी या गावात राहते, रोज गाडी चालवत शेजारच्या शॅनन गावातल्या ऑफिसला जाते, आतल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून सलाम करते, आणि भुरभुर पावसात उभी राहून ‘छान दिवस आहे, देवाची कृपा’ असंही म्हणते. तेव्हा आता मोकळेपणाने सांगते, हे गाव मला आवडतं आणि या गावात मला सतत किळस येत असते.

सरकारी भाषेत आमचा हा भाग म्हणजे मिड-वेस्ट. डब्लिनवाल्यांना आमच्याकडे यायचं म्हटलं की ते शिकारीला निघाल्यासारखे बूट विकत घेतात. बूट हवेतच म्हणा. थंडी सरत आली की आमचे शेतकरी गोठ्यातलं साठवलेलं शेणमूत पातळ करून टँकरने शेतांवर फवारतात, आणि नेमकं त्याच दिवशी ऊन पडलं म्हणून अख्खं गाव कपडे बाहेर वाळत घालतं. त्या आठवड्यात ऑफिसच्या मीटिंगमध्ये प्रत्येकाच्या शर्टाला गोठ्याचा वास असतो. कोणी काही बोलत नाही. कसं काय चाललंय विचारलं तर ‘ग्रँड’. इथे सगळंच ग्रँड असतं. पाय मोडलेला माणूससुद्धा ग्रँड असतो.

आम्ही भाड्याने घेतलेल्या पहिल्या घरात बाथरूममध्ये गालिचा होता. संडासाच्या भोवतीसुद्धा, नीट त्याच्या आकाराचा अर्धगोल कापून बसवलेला. गुलाबी. मी नागपूरच्या उन्हात वाढलेली बाई, दिवसातून दोनदा बाथरूम खसाखसा धुतलं जातं अशा घरातली. त्या गालिच्यावर मी दोन महिने प्लॅस्टिकच्या पिशव्या पायांत घालून वावरले. घरमालकाला विचारलं, हे ओलं होत नाही का? तो म्हणाला, होतं ना, मग वाळतं. या उत्तरात खोट काढायला जागा नव्हती, फक्त या देशात काही वाळत नाही एवढंच.

आणि खाणं. दोन ब्रेडच्या स्लाइसना बोटभर लोणी फासून मध्ये बटाट्याचे वेफर्स भरतात आणि वरून हाताने दाबून कुरकुर मोडतात. हे जेवण आहे. लोण्याच्या डबीत सगळ्यांच्या सुऱ्या, सगळ्यांचे तुकडे, मुरंब्याचे ओघळ. उष्टं या गोष्टीला यांच्याकडे शब्दच नाही, आणि शब्दच नसल्यावर लाज कुठून येणार? म्हाताऱ्या बायका नाक पुसलेला टिश्यू स्वेटरच्या बाहीत खोचून ठेवतात. त्याच हाताने केक कापतात, त्याच बाहीतून तो टिश्यू परत निघतो, परत आत जातो. मला पहिल्यांदा वाटलं एखादी तशी असेल. मग लक्षात आलं की गावातल्या झाडून सगळ्या बायांची डावी बाही फुगलेली असते.

माझा नवरा इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे, आणि त्याला कशाचीही किळस येत नाही. तो वेफर्सचं सँडविच खातो. गालिच्यावर अनवाणी चालायचा. मी काही बोलले की म्हणतो, “अगं, याने मेलेली एकही केस मी अजून पाहिली नाही.” डॉक्टर माणसाशी स्वच्छतेवर वाद घालू नये. त्यांची फूटपट्टी एकच, माणूस मेला की नाही.

पण या सगळ्या किळसेचं मुख्य ठाणं आमच्या दारापासून बारा पावलांवर होतं, ते म्हणजे शेजारच्या बाईंचं स्वयंपाकघर.

शेजारच्या बाई तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा तिकडे डब्लिनजवळ डून लेरीला समुद्रकाठी, दोन महिन्यांतून एकदा येणारा. सोबतीला एक म्हातारा कुत्रा, ज्याचा रंग मूळचा कोणता असेल हे आता सांगता येत नव्हतं. तो गालिचा सोडून दोन महिन्यांनी आम्ही या घरात राहायला आलो त्याच दुपारी त्या सफरचंदाचा टार्ट घेऊन आल्या. मी दोन तुकडे खाल्ले, तारीफ केली, कृती विचारली. त्यांचं स्वयंपाकघर मी अजून पाहिलं नव्हतं.

चार दिवसांनी त्यांनी चहाला बोलावलं. सिंकमध्ये एक प्लॅस्टिकचा टब होता, त्यात कोमट पाणी आणि वर बोटभर फेस. सकाळपासूनची भांडी त्याच पाण्यात. बाईंनी जेवणाची ताटली आधी खाली जमिनीवर ठेवली. कुत्र्याने ती लख्ख चाटली. मग ती त्या टबात गेली. टबातून एक कप वर आला, फेस गळत असलेला, आणि मी वाट पाहत राहिले की आता तो नळाखाली जाईल. तो नळाखाली गेला नाही. एका कळकट फडक्याने त्याला पुसलं, फेसासकट, आणि त्यात चहा ओतला. फडकं परत ओव्हनच्या दांडीवर गेलं, कुत्र्याच्या नाकाच्या बरोबर उंचीवर.

तोंडात पाणी सुटलं, पण ते चहासाठी नव्हे. कप माझ्यासमोर आला, कडेला तीन बुडबुडे अजून जिवंत. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “माफ करा, आज माझा उपवास आहे.”

तो मंगळवार होता. उपवास मी शाळेत असताना आईच्या धाकाने केले तेवढेच, नंतर एकही नाही. पण दुसरं काय सांगणार होते? साखर चालत नाही म्हणाले असते तर बिनसाखरेचा मिळाला असता. दुधाचं निमित्त केलं असतं तर काळा. आपल्याकडे उपवासाला चहा चालतो हे त्यांना कुठे माहीत होतं? उपवासापुढे मात्र कोणाचं काही चालत नाही.

बाईंचा चेहराच बदलला. त्यांनी कप हळूच उचलून बाजूला ठेवला, जणू माझ्यासमोर दारूची बाटली आली होती. म्हणाल्या, “माझी आई ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस कोरड्या ब्रेडवर आणि काळ्या चहावर काढायची. आता कोणी करत नाही. तू करतेस.” माझा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला. बाही फुगलेली होतीच.

मग शुक्रवारी गेले. परत कप. परत उपवास. आपल्याकडे वारांना देवांची कमतरता नाही, हे मला तिथे पहिल्यांदा कामाला आलं. सोमवारी महादेव, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त, शुक्रवारी देवी, शनिवारी मारुती. रविवारी सूर्य आहेच. बुधवारी जरा अडचण होती, म्हणून बुधवारी मी जायचंच टाळलं. एकदा त्या म्हणाल्या, निदान घोटभर पाणी तरी घे, आणि टबातून ग्लास काढू लागल्या. मी घाईघाईने म्हटलं, “नाही नाही, पाणीसुद्धा चालत नाही.” झालं. त्या दिवसापासून माझे उपवास निर्जळी झाले.

माझी कीर्ती पसरली. चर्चमधल्या बायका शनिवारच्या बाजारात मला थांबवून आदराने हवापाण्याच्या गोष्टी करू लागल्या. एकदा पेट्रोल पंपावरचा गरम चिकन रोल मी गाडीच्या सीटखाली वाकून खाल्ला आहे, कारण समोरून त्यातल्याच दोघी येत होत्या. मेयोनीज कुडत्यावर सांडलं. त्याचीही किळस आली, पण ती माझी मलाच, म्हणून मोजली नाही.

आता मुलीचं सांगते. इथे आलो तेव्हा ती तीन वर्षांची होती. शाळेत जाऊ लागली तशी दुपारी तिला कोण बघणार हा प्रश्न आला, आणि शेजारच्या बाईंनी तो विचारायच्या आधीच सोडवला. शाळा सुटल्यापासून मी येईपर्यंत ती त्यांच्याकडे. ती त्यांना नॅन, म्हणजे आजी, म्हणते. मला आई म्हणायला शिकवलं होतं, पण इथल्या मुलांसारखी मॅम म्हणते, म्हणजे मी तिची शाळेतली बाई असल्यासारखी. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र आमच्या क्लेअर जिल्ह्याच्या हेल काढलेल्या इंग्रजीत. तिचं बोलणं मी इथे मराठीत लिहिते आहे, एवढं ध्यानात ठेवा.

सुरुवातीला मी तिच्यासोबत स्टीलचा डबा आणि स्टीलचा पेला पाठवायचे. डबा रिकामा यायचा आणि मी खूश व्हायचे. महिन्याभराने कळलं की थालीपीठं कुत्रा खात होता. मुलगी त्या टबातल्या ताटलीत मॅश केलेले बटाटे आणि गाजरं खात होती, मजेत. मी काय केलं? काहीच नाही. मला नोकरी करायची होती. मी डोळे मिटून घेतले. माझी किळस माझ्या पोटापुरती मी जपली आणि मुलीचं पोट बाईंच्या हवाली केलं. हे लिहितानाही बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे.

त्या बदल्यात म्हणा, मी दर शुक्रवारी संध्याकाळी तासभर त्यांच्या स्वयंपाकघरात बसायचे. एकट्या बाई, तेवढीच सोबत, असा माझा भाव. त्या बोलायच्या, मी ऐकायचे. गावात कोणाचं काय बिनसलं, कोणाच्या अंत्यविधीला हॅमची सँडविचेस कमी पडली. मधे प्रेसचं दार उघडायच्या, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आतल्या बिस्किटांच्या डब्याकडे बघायच्या आणि दार लावून घ्यायच्या. मला वाटायचं म्हातारपण, कशाला उघडलं ते विसरत असतील. मी उठून घरी आले की हात धुवायचे, कोपरापर्यंत.

मागच्या शरद ऋतूतल्या एका शुक्रवारी बाई नेहमीसारख्या बोलत नव्हत्या. कुत्राही टेबलाखालून हलत नव्हता. मग त्यांनी एकदम सांगितलं की आतड्यात गाठ निघाली आहे, पुढच्या गुरुवारी लिमरिकला ऑपरेशन आहे, आणि डॉक्टर चांगला तरुण मुलगा आहे पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून काही कळत नाही. मुलाला कळवलं आहे. तो येईल, काम असतं त्याला.

मी विचारलं, “तुम्हाला भीती वाटते का?”

“मी ग्रँड आहे,” त्या म्हणाल्या. मग बाहीतून टिश्यू काढला, डोळे पुसले, नाक पुसलं, आणि त्याच हाताने माझा हात धरला. टिश्यू आमच्या दोघींच्या तळव्यांमध्ये. ओला. “तुला एक मागू का? तू इतके उपवास करतेस. गुरुवारचा एक माझ्या नावाने करशील? नेहमी करतेस तसाच, पाण्याशिवाय.”

मी हो नाही काही म्हणायच्या आत त्या पुढे बोलल्या. “प्रार्थना करतो म्हणाले आहेत सगळे. चर्चमधले, बिंगोमधले. करतील तेव्हा करतील, कोणी पाहिलंय? पण तुझे उपवास मी आठ वर्षं या डोळ्यांनी पाहिले आहेत. माझा त्याच्यावर भरवसा आहे.”

मला त्या ओल्या टिश्यूची शिसारी येत होती आणि हात सोडवून घ्यायची लाज वाटत होती. दोन्ही एकाच वेळी. मी म्हटलं, “करीन.”

घरी आले, हात धुतले, नवऱ्याला सांगितलं. तो भेंडी चिरत होता. त्याने सुरी खाली ठेवली, गाठ कुठे आहे, किती मोठी आहे विचारलं. मग म्हणाला, “आणि तू काय करणार?”

“काय करणार? करीन म्हटलं आहे, झालं. गुरुवारी ऑफिसात माझा रिव्ह्यू आहे, पाण्याशिवाय दिवसभर मी काय मरू? त्यांना थोडंच कळणार आहे. भूल दिलेली असेल तेव्हा.”

“नको ना असं,” तो म्हणाला.

“आठ वर्षं चाललंच ना? अजून एक दिवस.” आणि मी डब्यातून चिवडा काढून उभ्याउभ्या खाऊ लागले.

मुलगी टेबलाशी बसून गृहपाठ करत होती. अकरा वर्षांची. मराठी चालू असलं की ती ऐकत नाही असा आमचा समज, आणि तो समज आमच्या सोयीचा. तिने पेन्सिल ठेवली.

“एकही खरा नव्हता?” तिने विचारलं. “तुझे ते उपवास?”

मी म्हटलं, “मोठ्यांच्या गोष्टी असतात.”

“तू खोटं सांगायचीस हे मला माहीत होतं. चिकन रोल तू मलाही दिला होतास गाडीत. मला वाटलं, कधी कधी खोटं, कधी कधी खरं.” तिचा आवाज चढला. “तुला माहितेय ती शुक्रवारी चहा पीत नाही? साडेपाचला तिचा चहा असतो. दोन बिस्किटं आणि चहा. शुक्रवारी तू बसतेस म्हणून ती पीत नाही. उपवासवाल्या माणसासमोर खाणं बरं दिसत नाही म्हणते. तू गेलीस की मग ठेवते. एकदा तू पावणेआठपर्यंत बसलीस आणि तिला चक्कर आली. मी बिस्किट दिलं. मला म्हणाली, तुझ्या मॅमला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल.”

प्रेसचं ते उघडणारं आणि बंद होणारं दार माझ्या डोळ्यांसमोर आलं. बिस्किटांच्या डब्याकडे बघणाऱ्या बाई. आणि समोर मी, त्यांना सोबत देणारी, पोटात ऑफिसमधला केक घेऊन बसलेली.

मी काहीतरी बोलायला गेले. त्या फेसाचं, कुत्र्याचं, फडक्याचं. म्हटलं, तुला कळत नाही, ते किती...

“किळसवाणं,” मुलगी म्हणाली.

हा शब्द तिने मराठीत म्हटला. एरवी ती मराठीत धड हो म्हणत नाही. पण हा एक शब्द तिने माझ्या तोंडून इतक्या वेळा ऐकला होता, गालिच्याबद्दल, लोण्याबद्दल, टबाबद्दल, की तो तिला पाठ झाला होता. हेल इथला, ळ मात्र अस्सल माझा. आणि ती टबाबद्दल बोलत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, माझ्या हातातल्या चिवड्याकडे, अगदी मी लोकांच्या बाह्यांकडे बघते तशी. मग वही उचलून वर निघून गेली.

नवऱ्याने भेंडी चिरायला घेतली. तो एक अक्षर बोलला नाही, हे मी त्याच्या खात्यात अजून जमा धरते.

गुरुवारी मी उपवास केला. भक्तीने केला असं म्हणणार नाही, मला ते जमत नाही. रागाने केला. आधी मुलीचा राग, मग स्वतःचा, दुपारनंतर सरसकट सगळ्यांचा. पाण्याशिवाय दिवस किती लांब असतो याची मला कल्पनाच नव्हती. अकराला डोकं धरलं. रिव्ह्यूमध्ये साहेब काय बोलला ते आठवत नाही, त्याच्या हातातल्या मगचा रंग आठवतो. एकाचा वाढदिवस होता, केक आला, बोटं चाटत सगळ्यांनी कापला, आणि मला त्याची किळस आली नाही, मला तो हवा होता. तीनच्या सुमारास मी पाण्याच्या मशीनशी जाऊन ग्लास भरला. कोणी बघत नव्हतं. ओठाजवळ नेला. आणि तो शब्द ऐकू आला, त्या हेलासकट. ग्लास कुंडीत ओतला.

एवढा दिवस काढताना मला बाईंची आठवण कितीदा आली असेल? सारखी. भूक लागली की बाई, तहान लागली की बाई. आठ वर्षांत मी त्यांचा एवढा विचार एकत्र कधी केला नव्हता. उपवासाचा उपयोग हाच असतो की काय, मला माहीत नाही. संध्याकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला, गाठ काढली, शुद्धीवर आल्या आहेत, पुढचं तपासणीनंतर कळेल. मी वर जाऊन मुलीला सांगितलं. तिने माझ्या सुकलेल्या ओठांकडे पाहिलं आणि सरकून गादीवर मला जागा दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी प्यायले, उभ्याने, नळाचं.

बाई बारा दिवसांनी घरी आल्या. निम्म्या झाल्या होत्या. शुक्रवारी मी गेले, मुलगी आधीच तिथे होती. बाई खुर्चीत, पायांवर शाल, कुत्रा शालीवर. मी बसले आणि आधी तेच सांगितलं, नाहीतर माझी हिंमत गेली असती.

“माझे ते उपवास खरे नव्हते. इतकी वर्षं मी खोटं सांगत होते.”

बाई कुत्र्याच्या कानामागे खाजवत राहिल्या. मुलगी सिंकपाशी पाठ करून उभी होती, तिचेही हात थांबले. का सांगत होतीस, हे बाई विचारतील म्हणून मी वाट पाहत होते. विचारलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं, देव जाणे. त्यांनी एकदा टबाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“गुरुवारचा?” त्या म्हणाल्या.

“तो खरा होता.”

“पाण्याशिवाय?”

“पाण्याशिवाय.”

“त्या दिवशी मलाही पाणी देत नव्हते,” त्या म्हणाल्या. “ऑपरेशनच्या आधी. घसा लाकडासारखा झाला होता. मी पडल्यापडल्या म्हणत होते, काही नाही, शॅननला आणखी एक जण आहे अशीच.” मग थोडं थांबून, मुलीकडे मान वळवून म्हणाल्या, “चहा टाक बघू, पोरी. तिघींना.”

मुलीने टबात हात घातला. कप वर आला, फेस गळत असलेला. ती दुसरा हात नळाकडे नेऊ लागली, बाईंना दिसणार नाही अशा बेताने, फक्त माझ्या कपासाठी. तिच्या त्या सराईत हातावरून मला कळलं की तिलाही सगळं ठाऊक आहे, टबाचं आणि माझं.

“राहू दे,” मी मराठीत म्हटलं.

तिने वळून माझ्याकडे पाहिलं, मग ओव्हनच्या दांडीवरचं ते फडकं घेतलं आणि कप पुसला. चहा समोर आला. कडेला बुडबुडे होते, नेहमीसारखे. बाईंनी प्रेसमधून बिस्किटांचा डबा आणायला लावला आणि माझ्यासमोर पहिल्यांदा एक बिस्किट चहात बुडवून खाल्लं.

मी प्यायले. चहाला लिंबाच्या साबणाची चव होती आणि मागून, जिभेच्या मुळाशी, ओल्या कुत्र्याची. घशाशी आलेलं मी दोनदा परत गिळलं. किळस आठ वर्षांत तसूभरही कमी झाली नव्हती. कप मी रिकामा करून खाली ठेवला.

“कसा झाला होता?” बाईंनी विचारलं.

“ग्रँड,” मी म्हटलं.

त्या हसल्या, बाहीतून टिश्यू काढून तोंड पुसलं, आणि केटलीकडे हात केला. “आणखी अर्धा?”

मुलगी माझ्याकडे बघत उभी होती. आणि मला आता सांगायला एकही उपवास उरला नव्हता.